बस दारात, घर मात्र जोडीनंच

वेरूळ-अजिंठ्यावर लिहिणारे उदंड आहेत, त्यांना लिहू दे. मी गेल्या आठवड्यात जालना रोडवरची एक कोरी करकरीत इमारत बघून आलो, आणि सांगतो, त्या लेण्यांपेक्षा हिचं कोरीवकाम जास्त थक्क करणारं आहे.

निमित्त सुमनताईचं. माझी थोरली बहीण औरंगपुऱ्यातल्या दुकानात ब्लाऊज शिवते आणि फुलंब्रीला भाड्याच्या खोलीत राहते. रोज दोन्ही वेळा बसमध्ये उभं राहून गुडघे गेले. एका खोलीचं घर घेण्यापुरती पुंजी साठली होती, तेवढ्यात जाहिरात दिसली : ‘बसथांब्यासमोर परवडणारी घरं.’ तिच्या सुट्टीच्या दिवशी आम्ही निघालो.

जाणाऱ्यांसाठी सूचना : औरंगपुऱ्यातून रिक्षा करताना भाडं आधी ठरवा. पुढं जालना रोडची बस धरा आणि उजवीकडची खिडकी टाळा, ऊन भाजून काढतं. करमाडच्या बऱ्याच अलीकडं उतरायचं. थांबा खरोखर इमारतीच्या दारात आहे. समोरच्या गाड्यावर मिरचीभजी फर्मास मिळतात. कौतुक इथं संपलं.

नियम मोठा गुणाचा आहे. बसमार्गालगत लहान घरं बांधली, तर बिल्डरला जादा मजले चढवायला मिळतात, पार्किंगची सक्तीही सैल होते. हेतू हा, की कमी कमाईच्या माणसाला बसजवळ घर मिळावं. म्हणजे आमच्या ताईलाच.

तिसऱ्या मजल्यावर टाय लावलेल्या विक्रेत्यानं दार उघडलं. ताईनं पिशवीतून शिवणकामाची टेप काढली. “मशीन खिडकीपाशी. कपाट इकडं. बाळ्या, लिही,” ती म्हणाली. मी मापं लिहून घेतली. इतकी खुश मी तिला कित्येक वर्षांत पाहिली नव्हती.

विक्रेता खाकरला. “मावशी, ही मधली भिंत जाणार. इमारत नियमाप्रमाणं पुरी झाल्याचा दाखला हातात आला की काढून देतो. पलीकडचं घर यातच येतं.”

“मला एकलंच द्या की.”

“सुटं नाही देत. जोडीनंच जातात. सगळी बुक झालीत, ही एकच जोडी उरलीय.”

कागदावर दोन घरं, दोन दारं, दोन ओटे. विकायला एक ऐसपैस फ्लॅट. खाली घेणाऱ्यांच्या मोटारी उभ्या होत्या. बसनं कोण येणार, असं मी विचारलं. “कामवाल्या बायकांची सोय होते ना सर,” तो हसून म्हणाला. त्या हसण्याचा मला संताप आला. खायचे दात वेगळे, दाखवायचे वेगळे, हे ठाऊक होतं. पण हा तर दोन्ही जबडे उघडून दाखवत होता.

ताईनं टेप गुंडाळली. “दोन ब्लाऊजांचं कापड मागायचं अन् शिवायचा एकीचाच झगा. आमच्या दुकानात असं केलं तर गिऱ्हाईक चपलेनं हाणंल,” ती म्हणाली आणि जिना उतरली. येताना बसमध्ये जागा मिळाली, तरी ती उभीच राहिली.

मी बांधकाम परवान्याच्या कचेरीत भिंतीबद्दल तक्रार लिहून दिली, पोचही घेतली. काल फुलंब्रीला गेलो तर मापांचा तो कागद ताईनं मशीनच्या खणात जपून ठेवलेला. मी म्हणालो, फाडून टाक.

“काऊन?” ती म्हणाली. “भिंत हाय तवर ते घर माझ्याच मापाचं हाय.”