घरमालकांचा सर्व्हर आणि हळदीचा धवला

दसऱ्याच्या सकाळी नऊ वाजून दहा मिनिटांनी करावे गावातल्या माझ्या घरमालकांचा लिनक्स सर्व्हर सुरू झाला नाही. यंत्रांशी इतक्या अदबीने वागणारा आणि तरीही त्यांना इतके छळणारा दुसरा माणूस मी पाहिलेला नाही. कारखान्यातून इलेक्ट्रिशियन म्हणून निवृत्त झाल्यावर ते व्हिडिओ पाहून लिनक्स शिकले. कीबोर्डला हात लावण्यापूर्वी ते हात धुतात. एरर आली की ती देवनागरीत वहीत उतरवून खाली आपला शेरा लिहितात. ‘परमिशन डिनाइड’खाली एकदा लिहिले होते, ‘उद्या परत विचारने.’

सर्व्हरवर त्यांच्या दिवंगत आईच्या आवाजातले बेचाळीस धवले, म्हणजे लग्नविधींची गाणी, होते. त्या धवलारीण होत्या; आगरी लग्नातला प्रत्येक विधी त्यांच्या गाण्याने पुढे सरकायचा. मूळ कॅसेट खाडीच्या दमट हवेने बुरशी लागून वाजेनाशा झाल्या होत्या. इंटरनेटवर एक प्रत ठेवा, असे मी एकदा सुचवले. “आयचा आवाज परक्याचे घरान कशाला ठेवू?” ते म्हणाले. आता त्यांच्या पुतणीला धवलारीण व्हायचे होते आणि हळदीचा धवला शिकायला ती दुपारी येणार होती. गावात तो म्हणता येणारे कोणी उरलेले नव्हते.

आदल्या दिवशी, खंडेनवमीला, ते त्याच धवल्यातली खरखर काढत होते. नवी फाइल साठवली जात होती, तोच पूजेची वेळ झाली. त्यांनी सर्व्हरला हळदकुंकू लावले, झेंडूचा हार घातला आणि कारखान्यातल्या रिवाजाप्रमाणे यंत्राला विश्रांती म्हणून थेट भिंतीवरचे बटण बंद केले.

“बारा मयने राबतो बिचारा. एक दिस आराम नको?” दसऱ्याच्या सकाळी बंद पडद्यासमोर त्यांनी मला विचारले.

“दिलास ना आराम? आता उठव त्याला,” स्वयंपाकघरातून त्यांची बायको, आमच्या काकू, म्हणाल्या.

यंत्र चालू केले की पडद्यावर एकच संदेश येत होता: गाण्यांचा प्रोग्राम आधीच चालू आहे, दुसऱ्यांदा सुरू होणार नाही. प्रत्यक्षात काहीच चालू नव्हते. दोन तास आम्ही सर्व्हरच्या नोंदी वाचल्या. वहीची चार पाने भरली. सव्वाअकराला त्यांना उलगडा झाला. चालू असताना प्रोग्राम आपल्या नावाची एक छोटी फाइल ठेवतो आणि बंद होताना पुसतो. वीज अचानक गेल्याने ती तशीच राहिली होती.

“मानूस गेला, पन पाटी दारावर हाय,” ते म्हणाले. त्यांच्या स्वतःच्या दारावर अजून आईच्या नावाची पाटी आहे. फाइल पुसण्याआधी ते उठून पुन्हा हात धुऊन आले.

सर्व्हर सुरू झाला. यादीत बेचाळीस धवले दिसले. त्यातले एकेचाळीस नीट ऐकू आले. हळदीच्या फाइलचा आकार शून्य होता; आत काहीच उरले नव्हते. त्यांनी वहीत तो आकडा लिहिला. खाली शेरा लिहिला नाही.

पुतणी साडेबाराला आली. काकूंनी तिला पहिली ओळ म्हणून दाखवली. दुसरी त्यांना आठवली नाही.