काकूंची बाज

आमच्या शेजारच्या काकू ऊन उतरलं की गल्लीत बाज टाकतात आणि तिथूनच गल्ली चालवतात. कुणाचीही गाडी दिसली, की हॉर्नच्या आधी बाज भिंतीला लागते.

गल्लीच्या टोकाला मॉल होणार म्हणून आमच्या वऱ्हाडी मालेगावच्या नगरपंचायतीचे साहेब जागा पाहायला आले, तेव्हा मात्र काकू हलल्या नाहीत.

“बाई, बाज काढा.”

“काढतो ना. पण तुमची जीपच अडून राह्यली, त मालाचे ट्रक कुठून जातीन? बसा, चहा घ्या.”

साहेब हसले, बाजेवर बसले आणि त्यांनी शिपायाला गल्लीची रुंदी मोजायला सांगितलं.

तेवढ्यात मी मोटरसायकलवर आलो. काकूंनी साहेबांना कपासकट उठवलं, बाज उभी केली आणि म्हणाल्या, “निंग बाप्पा, तू काय मॉल होय?”