बॉयलरखोलीतला ओबोवादक

ते पहिल्यांदा इंग्लंडमधल्या मेडनहेडच्या आमच्या क्लिनिकमध्ये आले तेव्हा त्यांचा उजवा कान जवळजवळ गेलेला होता. मी कान तपासते, ऐकायचं मशीन बसवून देते. अठ्ठ्याहत्तर वर्षांचे हे चेक गृहस्थ, बायको गेल्यावर मुलीकडे राहायला आलेले. कान कशानं गेला असं विचारलं, तर म्हणाले, "ट्रम्पेट. तीस वर्षं माझ्या पाठीमागे बसायचे."

ते व्हायोला, म्हणजे व्हायोलिनहून जरा मोठं वाद्य, वाजवायचे, काचकारखान्यांच्या एका लहान गावातल्या सिंफनी ऑर्केस्ट्रात. आधी तो गरम झऱ्यांवर उपचाराला येणाऱ्या लोकांसाठी वाजवणारा बँड होता. दुसऱ्या महायुद्धानंतर सरकारनं त्याचा ऑर्केस्ट्रा केला. साठ वादक, सगळे एकाच इमारतीत राहणारे. कोणाचा रियाज कच्चा आहे ते भिंतीपलीकडून सगळ्यांना कळायचं. कारखान्याच्या कँटीनमध्ये वाजवायचे, गावात कोणी गेलं तर स्मशानातही.

"प्रागच्या ऑर्केस्ट्रासारखे चकचकीत नव्हतो आम्ही," ते म्हणाले. "जाड आवाज, जरा रेंगाळणारा. पण एकाचा श्वास अडला तर साठ जण त्याच्यासाठी थांबायचे."

मी डॉक्टर नाही असं कितीदा सांगूनही ते मला डॉक्टरच म्हणत. मशीन ॲडजस्ट करायला म्हणून येत आणि बोलत बसत.

मग तोच ऑर्केस्ट्रा इंग्लंडच्या टूरवर आला. शेजारच्या गावात दुपारचा कार्यक्रम होता. मुलीची शिफ्ट होती, म्हणून मी त्यांना गाडीनं घेऊन गेले. हॉल अर्धा रिकामा. त्यांनी चष्मा लावून कार्यक्रमपत्रिकेतला ऑर्केस्ट्राचा इतिहास वाचला, बोट फिरवत, दोनदा. बँड, युद्ध, नवा हॉल, कंडक्टरांची नावं, जुने प्रमुख वादक.

"तो नाहीये," ते म्हणाले.

मध्यंतरात त्यांनी सगळं सांगितलं. ओबो म्हणजे सनईच्या जातीचं वाद्य. त्याच्या एका सुरावर सगळा ऑर्केस्ट्रा आपली वाद्यं लावतो. त्यांचा ओबोवादक साऱ्या देशात नावाजलेला. अडुसष्ट साली रशियन रणगाडे आले, आणि ते आले हे बरंच झालं असं लिहून द्यायला त्यानं नकार दिला. एका सकाळी तालमीच्या वेळी एक कागद स्टँडवरून स्टँडवर फिरला : याला काढून टाकावं अशी आम्हा सहकाऱ्यांची विनंती आहे.

"मी बावीस वर्षांचा होतो. नोटेशनवर खुणा करायची पेन्सिल हातातच होती. त्याच पेन्सिलीनं सही केली."

"मग त्यांचं काय झालं?"

"त्याला त्याच हॉलच्या तळघरात बॉयलरवर ठेवलं. अकरा वर्षं. आम्ही वर वाजवायचो, तो खाली कोळसा घालायचा. डॉक्टर, हॉल इतका उबदार कधीच नसायचा. तो काम चोख करायचा."

तो तिथेच, नोकरीत असताना गेला. स्मशानात वाजवायला कोणी गेलं नाही.

कार्यक्रम संपल्यावर ते काठी टेकत मॅनेजरकडे गेले. तिशीची, हसतमुख मुलगी. दोघं चेकमध्ये बोलले. शेवटी तिनं त्यांचा हात हातात घेतला आणि सोबत फोटो काढला.

गाडीत मी विचारलं, "काय म्हणाली?"

"जुनी कागदपत्रं बघते म्हणाली. मी तिला सांगितलं, कागदावर माझीही सही सापडेल. तर म्हणाली, तेव्हा सगळेच करत होते, मनाला लावून घेऊ नका."

मी गाडी बाजूला घेतली. मीही एका कागदावर सही केली होती, आधीच्या हॉस्पिटलमध्ये. तिथलं टेस्टिंगचं मशीन चुकीचे रिझल्ट देतंय, कमी ऐकू येणाऱ्या लहान मुलांचे कान नॉर्मल दाखवतंय अशी तक्रार माझ्या एका मैत्रिणीनं केली होती. तिच्यासोबत काम करणं अवघड आहे, असं स्टेटमेंट मॅनेजरनं आमच्यापुढे ठेवलं. माझा व्हिसा त्या नोकरीवर होता. तिचं म्हणणं खरं आहे हे मला माहीत होतं. नवऱ्यालाही न सांगितलेलं हे मी त्यांना सांगितलं.

त्यांनी विचारलं, "ती जिवंत आहे?"

"हो. इल्फर्डला असते."

"मग तुम्ही माझ्याजवळ काय सांगत बसलात?"

पुढच्या शनिवारी मी इल्फर्डला गेले. तिनं दार उघडलं, आत ये म्हणाली नाही. मी उभ्या उभ्याच बोलले. ती आता एका शाळेच्या ऑफिसात काम करते. कानांचं काम तिनं सोडलंय.

"सात जणांच्या सह्या होत्या," ती म्हणाली. "सहांचं मला काही वाटलं नाही. तू रोज माझ्या डब्यातलं खायचीस गं."

दार तिनं हळूच लावलं.

मी हॉस्पिटलला पत्र लिहिलं, घडलं तसं. प्रकरण बंद झालंय असं उत्तर आलं. मी पुन्हा लिहिलं, या वेळी त्या मुलांच्या टेस्टबद्दल. त्याचं उत्तर अजून नाही. पहिल्या पत्राची कॉपी मी मैत्रिणीला पाठवली होती; तिच्याकडूनही काही आलं नाही.

थंडीत ते व्हायोलावाले आजोबा न्यूमोनियानं गेले. मुलीनं फोन करून कळवलं, म्हणाली, शेवटचे काही दिवस त्यांनी मशीन कानाला लावूच दिलं नाही.