टायरच्या दुकानावरचं आमचं ऑफिस

आमच्या ऑफिसातली हार्ड डिस्क भरली की प्रज्ञा जुने व्हिडिओ उडवते. किस्से उडवायची सोय मात्र कुठल्याच मशीनमध्ये नाही. ते साचत जातात, आणि कुणी पाहुणा चहाला बसला की सुरू होतात. काल माझी मावसबहीण बसली होती. तिला सांगितलं तेच तुम्हालाही सांगते.

आधी माणसं. अमरावतीत एका टायरच्या दुकानावर तीन खोल्या, तीच आमची कंपनी. मालक विलासभाऊ. आधी लग्नांची शूटिंग करायचे, आता वऱ्हाडी बोलीतले व्हिडिओ काढतात. कुणाची शेती, कुणाचा स्वयंपाक, कुणाचा छंद. कॅमेऱ्यावर अचलपूरचे सलीमभाई. एडिटिंगला प्रज्ञा. आणि बोलायला मी, मंजू.

*

मी इथे आले तीच पुण्याहून कंटाळून. तिथे एका स्टुडिओत आवाज द्यायचे. माझ्या तोंडून चुकून ‘डोया’ निघाला की काचेपलीकडून हात वर व्हायचा. डोळा म्हणा, डोळा. शेवटी शेवटी तर मी घरी फोनवरसुद्धा जपून बोलायला लागले. आई विचारायची, तुझी तब्येत बरी आहे ना?

विलासभाऊंनी इंटरव्ह्यूला एक पान वाचायला दिलं. मी अगदी छापील वाचून दाखवलं. ते म्हणाले, छान, बसा, चहा घ्या. चहा पिता पिता मी परतवाड्याच्या बसमध्ये कंडक्टरशी झालेलं भांडण सांगू लागले. एक बाई कोंबड्या घेऊन चढली होती आणि कंडक्टर कोंबड्यांचं तिकीट मागत होता. सांगण्याच्या भरात मी कधी वऱ्हाडीवर आले ते मलाच कळलं नाही.

थांबले तेव्हा विलासभाऊ डोळे पुसत होते. म्हणाले, “बाई, हे काहून लपवून ठेवलं होतं? आमाले हेच पायजे नं.”

त्या दिवसापासून मी माझ्या आवाजात बोलते. त्याचा पगारही मिळतो, हे मला अजून खरं वाटत नाही.

*

आमची रेकॉर्डिंगची खोली म्हणजे भिंतींना जुन्या गाद्या लावलेलं अडगळीचं कोठार. तिच्या बरोबर वर सुमनकाकूंचं स्वयंपाकघर. मी ‘नमस्कार मंडळी’ म्हटलं की वर कुकरची शिट्टी व्हायची. एकदा मी वर जाऊन काकूंना जरा हात जोडून सांगितलं.

काकूंनी ते फारच मनावर घेतलं. एके दिवशी लांबलचक रेकॉर्डिंग चाललेलं. दार हळूच उघडलं. दारात काकू, हातात कुकरचं झाकण. कुजबुजत म्हणाल्या, “तुहं झालं असंन तं मी वरण लावू काय वं? पाव्हणे जेवाचे थांबले.”

तो व्हिडिओ संपताना आम्ही पाटी टाकली, ‘वरणासाठी थांबल्याबद्दल सुमनकाकूंचे आभार’. काकूंनी अख्ख्या बिल्डिंगला ती पाटी दाखवली. मी विचारलं, व्हिडिओ कसा वाटला? तर म्हणाल्या, तो कोण पाहते, मी डायरेक्ट शेवटच लावतो.

*

शेंदूरजनाघाटला संत्र्याच्या बागेत शूटिंग होतं. बागेचे मालक पाटीलकाका. आम्ही पोचलो तेव्हापासून कलम कसं बांधतात, बहार कसा धरतात, सगळं इतकं रसाळ सांगत होते की मी मनात म्हटलं, आज मला काही कामच नाही.

सलीमभाईंनी कॅमेरा सुरू केला आणि काका एकदम ताठ झाले. टोपी सारखी केली आणि हिंदीत सुरू झाले, “तो भाईयों और बहनों, यह हमारा संतरा है.” पुन्हा घेतलं, पुन्हा तेच. त्यांच्या सूनबाई झाडामागे पदर तोंडात धरून हसत होत्या.

शेवटी सलीमभाई कॅमेऱ्यामागून बाहेर आले. अगदी अदबीनं म्हणाले, “काका, मी सलीम. मी तुमाले मराठीत विचारून राह्यलो. तुमी पाटील असून हिंदीत काहून सांगता?”

काका चपापले. हळूच विचारतात, “कॅमेऱ्यापुढं आपली बोली चालते काय?”

“तिच्यासाठीच तं आलो,” सलीमभाई म्हणाले.

मग काका जे बोलले, त्यातलं एक वाक्य कापायला प्रज्ञाचा हात धजेना. निघताना त्यांनी गाडीत इतकी संत्री भरली की मला पाय पोटाशी घेऊन बसावं लागलं. अमरावतीपर्यंत गाडीला वास होता. मी खिडकी उघडू दिली नाही.

*

दुपारी जेवण झालं की आमच्याकडे कॅरम. विलासभाऊ रोज हरतात आणि रोज पावडरला दोष देतात.

एकदा लाइव्ह कार्यक्रम होता. पाहुणे बासरीवाले गुरुजी, आणि गुरुजींची गाडी बडनेऱ्याला पंक्चर. आम्ही रिकाम्या खुर्चीवर कॅमेरा लावून ‘थोड्याच वेळात’ अशी पाटी टाकली आणि तेवढ्यात एक डाव मांडला. माइक बंद करायचं कुणालाच सुचलं नाही.

विलासभाऊंनी क्वीन घेतली, पण त्यावर कव्हर आलं की नाही, यावर तुंबळ भांडण. प्रज्ञा मालकाला तोंडावर चीटर म्हणाली. सलीमभाई दोघांना समजावत सोंगट्या पुन्हा मांडायला लागले, तर दोघंही त्यांच्यावर उलटले.

मी सहज स्क्रीनकडे पाहिलं. रिकाम्या खुर्चीसमोर कधी नव्हे इतके लोक बसले होते. एकानं लिहिलं होतं, “पाव्हणा नाही आला तं चालते, पण क्वीनचं काय झालं ते सांगा.”

*

आता हा शेवटचा, बाबांचा.

बाबा अकोल्याला असतात. नोकरी पोस्टात केली, पण जीव कबड्डीच्या कॉमेंट्रीत. आजूबाजूच्या गावात स्पर्धा असली की माइक बाबांकडेच. मागच्या वर्षी त्यांना अर्धांगाचा झटका आला. हात सुधारला, पाय सुधारला, शब्द मात्र अडकून बसले. तोंड उघडायचे, हवं ते निघायचं नाही, मग चिडून भिंतीकडे तोंड करून पडायचे. डॉक्टर म्हणाले, बोलतं करा. आम्ही खूप प्रयत्न केले. नंतर त्यांनी तोंड उघडणंच सोडलं.

मी नोकरी सोडते असं विलासभाऊंना सांगितलं. ते म्हणाले, सोडू नका, अकोल्यातून काम करा, मशीन आम्ही पोचवतो. आणि रविवारी मशीन घेऊन तिघंही दारात हजर. आईची धांदल उडाली.

चहा झाल्यावर सलीमभाई बाबांजवळ गेले. विचारलं काहीच नाही. एखाद्या पाहुण्याला लावावा तसा कॉलरला माइक लावला, मिक्सरला जोडला आणि बोलणाऱ्याला स्वतःचाच आवाज ऐकू येतो ते हेडफोन कानावर ठेवले. प्रज्ञानं समोर लॅपटॉप उघडला. कुठल्याशा गावातला कबड्डीचा सामना होता, आवाज तिनं मुद्दाम काढून टाकलेला.

मैदानावर धूळ उडत होती. एक पोरगा चढाईला गेला. बाबांची मान थोडी पुढे झाली. पोरगा पकडीत सापडला, लोळत लोळत रेषेकडे सरकला. बाबांचे ओठ हलले, नुसता घसा खरवडल्याचा आवाज आला. मी आईचा हात धरला.

बाबांनी हेडफोनवर हात ठेवला. कपाळाला आठ्या पडल्या. सलीमभाईंकडे वळून अगदी स्वच्छ म्हणाले,

“आवाज कमी येऊन राह्यला. वाढवा थोडा.”



“हो काका,” म्हणत सलीमभाई वाकले आणि मिक्सरचं बटण फिरवत राहिले. मी शेजारीच उभी होते. ते बटण आधीच शेवटपर्यंत फिरवलेलं होतं.