रबरी बुश किरकिरला तेव्हा

हे लिहायचं मी इतकी वर्षं टाळलं, कारण यातला अमानवीय भाग सांगायचा तर माझा खोटेपणाही सांगावा लागतो. भुताखेतांवर माझा कधीच विश्वास नव्हता. मेकॅनिक माणूस मी… गाडीतून आवाज आला तर त्याला कारण असतंच, एवढंच मला ठाऊक.

साठ सालच्या आसपासची गोष्ट. माणगावच्या एका गॅरेजमध्ये मी आणि दिघीचा हसन जोडीनं काम करायचो. खेडोपाडी फिरणाऱ्या एका डॉक्टरांची लष्करातून निघालेली जीप आमच्याकडे यायची. जीपच्या कमानीची, म्हणजे चाकांवरच्या पोलादी पट्ट्यांच्या स्प्रिंगची, टोकं जिथे बोल्टनं जोडलेली असतात, तिथे आत बुश असतो, बोल्टभोवतीचं छोटं नळकांडं. जुने बुश धातूचे. ग्रीस सुकलं की किरकिरायचे. नवे रबराचे आले होते – ग्रीस नको, आवाज नाही. मी रबराच्या बाजूचा, हसन धातूच्या.

"दत्त्या, धातू मरायच्या आधी ओरडतो," तो म्हणायचा. "तुझा रबर गपचूप मरंल, नि तुलापण घेऊन जाईल."

"घरी बायकोचं बोलणं कमी पडतं काय, म्हणून गाडीपण बोलकी हवी?"

"ती बोलते म्हणून तर घर चाललंय माझं!"

शेवटी डॉक्टरांच्या जीपला मीच रबरी बुश बसवले. आणि सवयीनं चुकलो. धातूच्या बुशला चालतं तसं, जीप जॅकवर, चाकं लोंबकळत असतानाच बोल्ट आवळून टाकले. रबर असेल तर गाडीचं वजन चाकांवर आल्यावरच आवळायचं, नाहीतर गाडी खाली उतरताच तो पिळला जातो. थोड्याच दिवसांत सगळे फाटले. डॉक्टर भडकले. गॅरेजच्या शेठनी विचारलं, "कोणी बसवले?"

मी म्हणालो, "हसननं."

हसन समोरच उभा होता. त्यानं माझ्याकडे पाहिलं, फडक्याला हात पुसले. शेठनी त्याला त्याच दिवशी काढलं. नवे बुश मी बसवले, या वेळी नीट.

त्या हिवाळ्यात डोंगरातल्या एका वाडीवरची बाई अडली होती. डॉक्टरांना दवाखाना सोडता येईना, म्हणून तिला आणायला त्यांनी मलाच जीप घेऊन पाठवलं. भर दुपार. मागे ती कण्हत होती, शेजारी तिची सासू. उतार लागला आणि मागून, डाव्या अंगानं… किर्र-कुंई, किर्र-कुंई. कोरड्या धातूच्या बुशचा आवाज! त्या जीपमध्ये आता धातूचा एकही बुश नव्हता. तरी मी रेटतच होतो, थांबायला वेळ कुठे होता?

"काय वराडतंय रं बाबा मागं?" सासू ओरडली. "थांब, बग आदी!"

म्हणजे तिलाही ऐकू येत होतं.

थांबलो, खाली सरपटलो. मागचे बुश धडधाकट. पुढून बाहेर निघताना दिसलं – पुढच्या डाव्या कमानीचं नट पडलेलं, बोल्ट अर्ध्याहून जास्त बाहेर. समोर वळण, आणि वळणाखाली दरी. बोल्ट ठोकून आत घातला, दुसरं नट आवळलं. मग जीप हलवून पाहिली, मागे लटकून पाहिलं. आवाज नाहीच. दवाखान्यापर्यंत पुन्हा आला नाही.

मुलगी झाली. दोघी सुखरूप. सासू मला म्हणाली, "गारीनं हाक मारली म्हून वाचलाव."

सैल बोल्ट घासला असेल, असं तुम्ही म्हणाल. पण बोल्ट पुढचा, आवाज मागून… माझ्याहून जाणत्या मेकॅनिकांना विचारून झालं. कारण आजही सापडलेलं नाही.

काही दिवसांनी आगरदांड्याहून होडीनं दिघीला गेलो. हसनची बायको हसून म्हणाली, "ते बोटीवर लागलेत, इंजिनावर. खुशीत हायेत. काय निरोप देऊ?" "सहज आलो होतो," म्हणालो आणि परतलो. पुढे ती माणसं मुंबईला गेली, ठावठिकाणा लागला नाही.

त्याच्या घरचं कोणी वाचत असेल, आणि तो असेल, तर त्याला एवढं वाचून दाखवा – हसन, ते बुश मी आवळले होते, चाकं लोंबकळत असताना. आणि नाव तुझं घेतलं. माझं चुकलं रे… माफ कर.