मूळ दुकानाची पाटी

कापूरहोळच्या आमच्या मिसळीच्या दुकानाला एकच नियम होता आणि तो माझ्या पत्नीने घालून दिला होता. गावात मयत झाले, तर माणसे मातीहून परत येईपर्यंत रश्श्याचे पातेले शेगडीवर चढवायचे नाही. महामार्गावरची गिऱ्हाइके गाडीतून उतरत, शटरकडे बघत आणि पुढे निघून जात. तिला त्याचे काही वाटत नसे. ती गेली त्या दिवशीही दुकान बंदच होते.

तिच्यामागे दुकान मुलाने हाती घेतले आणि त्याच्या डोक्यात फ्रँचायझीचे खूळ शिरले. पुण्याहून एक सल्लागार आला. आमचे नाव, आमचा मसाला आणि आमच्या पाटीचा रंग घेऊन दुसऱ्याने दुकान चालवायचे व त्यात आमचा हिस्सा राहायचा, असा तो मामला. दुकानाचे नाव माझ्या नावावर नोंदलेले, त्यामुळे करारावर सही माझी. आयुष्य कचेरीत काढल्यामुळे न वाचता सही करणाऱ्यांचे काय होते, ते मी पाहिलेले आहे. मी संपूर्ण करार वाचला आणि शेवटी एक कलम स्वहस्ते वाढवले: मूळ दुकानाचा मयतीचा रिवाज प्रत्येक शाखेस तिच्या गावापुरता बंधनकारक राहील. सल्लागार हसला. मुलगा त्याला म्हणाला, राहू द्या, कोण वाचतंय.

मार्गासनीच्या बाईंनी वाचले. पहिली शाखा त्यांनी घेतली होती. नवरा भातशेती बघायचा, दुकान त्या बघायच्या. पावसाळ्यातल्या एका रविवारी, गडांकडे जाणाऱ्या गाड्यांची रांग लागलेली असताना, त्यांच्या गावातले एक म्हातारे वारले. बाईंनी गॅस बंद करून शटर ओढले. नेमका त्याच वेळी सल्लागार एका नव्या इच्छुकाला चालती शाखा दाखवायला घेऊन आला. लगोलग शाखा काढून घेण्याची नोटीस तयार झाली आणि सहीसाठी माझ्या जेवणाच्या ताटाशेजारी येऊन पडली.

दुसऱ्या दिवशी बाई स्वतः आल्या. रडल्या नाहीत, बसल्याही नाहीत.

"अण्णा, तुमीच लिवलं हुतं, आमी पाळलं. चुकलं आसंल तर तोंडावर सांगा. न्हाईतर त्या कागदावर सही करू नका."

मी सही केली नाही. उलट, बाईंच्या बाजूने सविस्तर उत्तर लिहून पोच-पावतीसह टपालाने मुलाला पाठवले. पोस्टमनने गल्ल्यावर त्याची सही घेतली, तेव्हा मी समोरच्याच टेबलावर चहा पीत होतो.

"अण्णा, रोज शेजारी बसून जेवतो आपण," तो म्हणाला. "तोंडानं सांगता येत न्हाई का?"

"तोंडी सांगितलेलं तू उद्या नाकारशील."

गिऱ्हाइके हसली. मला हसू आले नाही, कारण उत्तराला उत्तर आलेच नाही. सल्लागाराचे फोन मात्र येत राहिले.

अशातच आमच्या दुकानाशेजारचा पंक्चरवाला गेला. माझी पत्नी होती तोवर तिच्या हातचा चहा घेतल्याशिवाय त्याने कधी टपरी उघडली नव्हती. मी मातीला गेलो. बाकीची माणसे नदीवरच होती; गुडघे दुखतात म्हणून मी आधी निघालो. दुकानाचे शटर खाली दिसले आणि बरे वाटले. जवळ आलो तेव्हा रश्श्याचा वास आला. मागच्या दाराने पार्सले जात होती.

"शटर खाली हाय की," मुलगा म्हणाला. "पाळलाय तुमचा नियम."

"नियम पातेल्याचा आहे, शटरचा नाही."

त्याने पातेल्याकडे पाहिले आणि पुढचे पार्सल बांधायला घेतले.

दुसऱ्या दिवशी स्टुलावर चढून 'मूळ दुकान' ही छोटी पाटी मी उतरवली. मुलाने अडवले नाही, स्टूलही धरले नाही. नसरापूरला एसटी बदलून मार्गासनी गाठले. कंडक्टरने पाटीचे लगेज मागितले. नियम दाखवा म्हणालो, तेव्हा त्याने नाद सोडला.

बाई कांदा चिरत होत्या. मी पाटी पुढे केली आणि यापुढे मूळ दुकान हेच, असे सांगितले.

"मग कापूरहोळचं काय?"

"ती शाखा. तिने कराराचा भंग केलेला आहे. तिलाही नोटीस जाईल."

बाईंनी हात धुतले, पाटी घेतली आणि पदराने पुसली. लावली मात्र नाही. भिंतीला टेकवून ठेवली.

"लेकाला सांगून आलाय का?"

सांगितले नव्हते. पत्र मात्र सकाळीच टपालात टाकले होते.