अप्पांची जाहिरात

गंगावेशीजवळ आमचं तांब्यापितळेच्या भांड्यांचं दुकान होतं. नव्वदच्या दशकाच्या अखेरीस आमच्या भागातल्या केबलवाल्यानं स्वतःचा एक कार्यक्रम सुरू केला. दर रविवारी एखाद्या तालमीत जायचं आणि जुन्या पैलवानांना बोलतं करायचं. खर्च निघायचा तो गावातल्या दुकानदारांच्या जाहिरातींवर. आमच्या वडिलांनी, अप्पांनीही जाहिरात द्यायचं ठरवलं. स्टीलच्या जमान्यात या पैशातून किती गिऱ्हाईक वाढेल, याचं गणित मी त्यांना मांडून दाखवलं.

"तुझा हिशेब बरोबर हाय," ते म्हणाले, "पर टीव्हीवर दिसायला मिळतंय, त्यो आकडा घातलास का त्यात?"

केबलवाला कॅमेरा घेऊन दुकानात आला. 'सर्व प्रकारची दर्जेदार भांडी योग्य दरात' हे त्यानं लिहून आणलेलं वाक्य अप्पांना काही केल्या म्हणता येईना.

"आरं, गिऱ्हाइकासंगं असं कोण बोलतंय व्हय?" ते वैतागले. समोरची घागर उचलून त्यांनी बोटाच्या पेरानं टणकन वाजवली आणि कॅमेऱ्याकडं बघून म्हणाले, "वाजवून घ्या. नाद आला न्हाय तर घिऊ नका. च्या पिऊन जावा."

"बास, ह्येच ठेवूया, अप्पा."

"ठेव. पर परत बोलाय लावू नगंस."

पुढं अप्पा मंडईत गेले की बायका कलिंगडावर टिचकी मारून विचारायच्या, "अप्पा, वाजवून घिऊ न्हवं?"

घरी मात्र ती जाहिरात लागली की आम्ही आवाज बंद करायचो. खुद्द अप्पा शेजारी जेवत असायचे आणि कार्यक्रम थांबला की त्यांना बोलायचं असायचं. टीव्हीतले अप्पा नुसते ओठ हलवायचे, ताटावरचे अप्पा बोलायचे.

पुढं जाहिराती आटल्या आणि कार्यक्रम बंद पडला. काही वर्षांनी अप्पा गेले. लग्नाच्या कॅसेटमध्ये ते दिसतात, पण त्यावर सगळीकडं सनई घातलेली आहे. त्यांचा आवाज आमच्याकडं कुठंच नव्हता.

म्हणून केबलवाल्यानं जुने भाग इंटरनेटवर टाकलेत हे कळताच मी घरच्या कॉम्प्युटरवर एक भाग लावला. चित्र अडकत अडकत चाललं होतं. निवेदक म्हणाला, "कुठं जाऊ नका, आलोच." मी आवाज वाढवला. लगेच तोच निवेदक म्हणाला, "तर पैलवान, सांगा." मध्ये काहीच नव्हतं. खाली कुठल्याशा मोबाइलच्या इंग्रजी जाहिरातीची पट्टी तेवढी सरकली.

मी केबलवाल्याकडं गेलो.

"दादा, त्या वेबसाइटवर आता त्यांच्या जाहिराती असत्यात, दुसऱ्या चालत न्हाईत," तो म्हणाला. "त्यातनं आपल्याला वाटा मिळंल म्हणून जुन्या सगळ्या कापल्या."

"मूळ कॅसेट?"

"त्यावर दुसरं शूटिंग केलं. दुकानंच ऱ्हायली न्हाईत, जाहिरात कोण ठेवतंय?"

"वाटा मिळाला का?"

"अजून न्हाय."

त्याच्यावर रागवावं असं त्यात काही नव्हतं. त्याच्या जागी मीही हाच हिशेब केला असता.

आता जवळजवळ सगळे भाग बघून झालेत. मध्ये काही नाही, हे मला पाठ आहे. तरीही निवेदक "आलोच" म्हणाला की माझा हात आवाज वाढवायला जातो.